जिप्सम सीलिंगचं काम शिकताना: पहिल्या खोलीपर्यंत

मी पुण्यात जिप्सम सीलिंग आणि पार्टिशनचं काम करतो. गावाकडून कुणाचा भाऊ, कुणाचा भाचा येतो, "दादा, मला पण लावा कामाला" म्हणतो, आणि पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला तेच तेच सांगावं लागतं. ते सगळं एकदा लिहून ठेवतोय. सीलिंग लोंबतं किंवा चिरतं तेव्हा लोक बोर्डाला नावं ठेवतात. मी उघडून पाहिलेल्या बहुतेक कामांत बोर्ड चांगलाच होता. बोर्डाच्या वरचा पत्र्याचा सांगाडा घाईत मारलेला होता. म्हणून सांगाड्यावर जास्त लिहिणार आहे.

सुरुवात कुठून करायची

हेल्पर म्हणूनच लागा. बोर्ड उचलणं, मापं धरणं, चॅनल म्हणजे सांगाड्याच्या पत्र्याच्या पट्ट्या कापणं, सांधे भरायचं कंपाउंड कालवणं यात पहिले काही महिने जातात. या काळात मिस्त्री कुठे लाइन मारतो आणि का मारतो हे विचारत राहा. चांगला मिस्त्री सांगतो. न सांगणाऱ्याकडे फार दिवस राहू नका.

हजेरीवर काम असेल तर रोजच्या रोज वहीत तारीख, साइट आणि उचल घेतली असेल तर ती लिहा. पुढे अंगावर काम घ्याल तेव्हा मोजमाप कसं धरायचं हे आधीच ठरवा: सपाट सीलिंग स्क्वेअर फुटावर, कोव्ह (लपवलेल्या लाइटची खाच) आणि पट्टे रनिंग फुटावर, उभा ड्रॉप (दोन पातळ्यांमधली उभी बाजू) वेगळा धरायचा की नाही, लाइटची कटआउट कोण करणार. भांडणं याच चार गोष्टींवरून होतात.

आणि हे टाळू नका: महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करा. वय १८ ते ६० हवं आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामाचं काम केल्याचा दाखला हवा. हा दाखला ठेकेदाराकडून मागताना संकोच करू नका. मुलांच्या शिक्षणासाठी, आजारपणात, अपघातात मंडळाच्या योजना असतात, आणि नोंदणी नसेल तर त्यातलं काहीच मिळत नाही. माझ्या ओळखीतले कितीतरी चांगले कारागीर "नंतर बघू" म्हणत राहिले.

हत्यारं

पहिल्या दिवशी सगळं विकत घेऊ नका. मेजर टेप, कटर आणि जादा ब्लेड, पत्रा कापायची कात्री, पेन्सिल, काटकोन बघायचा गुण्या आणि कंपाउंड लावायच्या दोन पत्त्या, एक चार इंची आणि एक आठ इंची, एवढं स्वतःचं असावं. स्क्रू मशीन, हॅमर ड्रिल, लेझर ठेकेदाराचं असतं. चष्मा मात्र स्वतःचा घ्या आणि खिशात ठेवा. स्लॅबला ड्रिल मारताना डोकं वर असतं आणि सगळा चुरा सरळ डोळ्यांत येतो. मास्कचंही तेच. काँक्रीटची ती बारीक धूळ फुप्फुसात साठते आणि तिथून निघत नाही.

साइटवरची भाषा

दुकानात आणि साइटवर फूट-इंच चालतात, ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असतं. तीन आकडे पाठ करा: ४५७ म्हणजे दीड फूट, ६१० म्हणजे दोन फूट, १२२० म्हणजे चार फूट. आपलं निम्मं काम या तीन आकड्यांवर चालतं.

भिंतीला चारही बाजूंनी लागतं ते पेरिमीटर चॅनल. स्लॅबपासून खाली लोंबतो तो सीलिंग अँगल, आणि त्याला स्लॅबशी जोडणारा छोटा काटकोनी तुकडा म्हणजे क्लीट. अँगलला आडवं बसतं ते इंटरमीडिएट चॅनल. त्याच्या खाली, त्याला काटकोनात, सीलिंग सेक्शन येतात. दोघांना बांधणारी तारेची ती कनेक्टिंग क्लिप. बोर्ड सेक्शनला लागतो, दुसऱ्या कशाला नाही.

सीलिंगला नेहमीचा बोर्ड १२.५ मिमी जाडीचा, सहा बाय चार फुटांचा. त्याच्या लांब कडा थोड्या उतरत्या असतात, टेपर म्हणतात त्याला. तो उतार टेप आणि कंपाउंड भरायला दिलेला असतो. आखूड कडा सरळ असतात. हा फरक डोक्यात ठेवा, पुढे लागेल. बाथरूम, स्वयंपाकघरासाठी ओल सोसणारा हिरव्या कागदाचा बोर्ड येतो, आगीसाठी गुलाबी. पण हिरवा बोर्डसुद्धा गळतीखाली टिकत नाही. वरच्या मजल्याच्या बाथरूममधून पाणी उतरत असेल तर आधी ते बंद करून घ्या, मगच हात लावा.

सहा बाय चारचा एक बोर्ड वीस किलोच्या आसपास भरतो. दोघांनी, उभा धरून न्यायचा. आडवा धरला की मध्येच मोडतो. ठेवताना सपाट, खाली लाकडी पट्ट्या टाकून, भिंतीपासून लांब. भिंतीला टेकवून रात्रभर ठेवलेला बोर्ड सकाळी वाकलेला असतो, आणि तो वाक सीलिंगवर दिसतो. पावसाळ्यात गठ्ठ्यावर प्लास्टिक टाका.

पहिली खोली: बारा बाय दहा

एक साधी बेडरूम घेऊ. बारा फूट लांब, दहा फूट रुंद, मध्ये पंखा.

आधी वर बघा. बीम कुठे आहे, स्लॅब कुठे सर्वांत खाली आहे, एसीचा पाईप कुठून येतोय, वायरिंगचे पाईप किती लोंबलेत. सीलिंगची उंची सर्वांत खालच्या अडथळ्यावरून ठरते. इलेक्ट्रिशियन आणि एसीवाला यांचं काम पूर्ण झालं का, एसीच्या ड्रेनला उतार आहे का, ते विचारून घ्या. बोर्ड लागल्यावर ते आले तर तुमचंच काम फोडणार.

लेव्हल. इथे अर्धा तास जास्त गेला तरी जाऊ द्या. लेझर असेल तर सोपं आहे. नसेल तर पाण्याची नळी: पारदर्शक नळीत पाणी भरायचं, आत एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, एका कोपऱ्यात खूण करायची आणि तीच पातळी बाकीच्या कोपऱ्यांवर न्यायची. नवे लोक हमखास एक चूक करतात: प्रत्येक कोपऱ्यात फरशीपासून टेप लावून माप घेतात. फरशीला उतार असू शकतो, विशेषतः बाल्कनीच्या बाजूला. फरशीपासून एकदाच मापायचं. बाकी सगळं लेव्हलच्या खुणेवरून वर मोजायचं. मग रंगाची दोरी ताणून चारही भिंतींवर लाइन मारायची.

त्या लाइनवर पेरिमीटर चॅनल. भिंतीत भोक, नायलॉनचा प्लग, स्क्रू, दर दोन फुटांवर. प्लास्टर पोकळ वाजत असेल तर भोक खोल मारा, विटेपर्यंत जाऊ द्या.

आता स्लॅबवर खुणा. इंटरमीडिएट चॅनल बारा फुटांच्या दिशेने टाकू, एकमेकांपासून चार फुटांवर. दहा फूट रुंदीत भिंतीपासून एक, पाच आणि नऊ फुटांवर, म्हणजे तीन लाइन. प्रत्येक लाइनवर लोंबते अँगलही चार-चार फुटांवर: दोन, सहा आणि दहा फुटांवर. तीन लाइन गुणिले तीन, नऊ अँगल.

इथे थांबा आणि पंख्याकडे बघा. हुक खोलीच्या बरोब्बर मध्यावर आहे, आपली मधली लाइनही तिथूनच जाते, आणि तिचा मधला अँगल नेमका हुकावर येतो. कागदावर हिशोब सुंदर जमतो आणि साइटवर असा अडतो. म्हणून हुक आधी मार्क करायचा आणि मग लाइन सरकवायच्या: अर्धा फूट, सव्वाचार फूट आणि आठ फुटांवर. चॅनल हुकापासून नऊ इंच बाजूला गेलं, आणि कुठलंही अंतर चार फुटांच्या वर गेलं नाही. सरकवताना अंतर कमी झालं तर चालतं, वाढलेलं चालत नाही.

स्लॅबमध्ये लोखंडी एक्स्पान्शन फास्टनरच (भोकात फुलून घट्ट बसणारा बोल्ट) मारायचा. छतात प्लास्टिकचा प्लग किंवा लाकडाची गुल्ली ठोकून वजन लोंबवू नका. भिंतीत प्लग आडवा भार घेतो, छतात तोच भार त्याला रोज खाली ओढतो. भोक मारलं की आतला चुरा फुंकून काढा, मग फास्टनर ठोकून नट आवळा. अँगल बसला की हाताने धरून लोंबकळल्यासारखा जोर द्या. हलला तर तो बाद, शेजारी दुसरं भोक.

ऑफिसच्या मोठ्या इमारतींमध्ये एक विशेष काळजी. काही स्लॅब पोस्ट-टेन्शनचे असतात, त्यांच्या आत ताणलेल्या केबल असतात. अशा स्लॅबमध्ये साइट इंजिनिअरने खुणा करून दिल्याशिवाय आणि किती खोल जायचं ते सांगितल्याशिवाय ड्रिल लावायचं नाही. केबल कापली गेली तर जिवाला धोका आहे आणि स्लॅबलाही.

उंचीसाठी घोडी नीट बांधलेली हवी, फळ्या हलत्या नकोत. रंगाच्या डब्यावर फळी टाकून उभे राहणारे मी रोज बघतो आणि रोज उतरवतो. मशीनची वायर फाटलेली असेल तर चिकटपट्टी मारून चालवू नका; तोंडावरून घाम गळत असतो, हात ओले असतात, पायाखाली पत्रा असतो.

इंटरमीडिएट चॅनल अँगलला प्रत्येकी दोन स्क्रूंनी लावा. एकच मारला तर चॅनल फिरतं. मग सेक्शन, दहा फुटांच्या दिशेने, दर दीड फुटावर. बारा फुटांत दीड-दीड फुटाचे आठ भाग, म्हणजे मधले सात सेक्शन. टोकांना पेरिमीटर आहेच. तीन चॅनल, सात सेक्शन, एकवीस ठिकाणी ते एकमेकांना भेटतात. एकवीस क्लिपा लागल्या पाहिजेत. मोजा. दुपारी जेवणाच्या घाईत एक क्लिप राहते आणि तिथेच सहा महिन्यांनी पोट येतं.

चौथा सेक्शनही पंख्याच्या मध्यावर येतो. तो सरकवता येत नाही, कारण बोर्डाचं टोक त्याच्यावर येणार आहे. म्हणून हुकाजवळ तो कापायचा आणि दोन्ही बाजूंना आडवे तुकडे टाकून चौकट करायची, म्हणजे दांडा मधून मोकळा खाली येईल. पंखा स्लॅबच्या हुकालाच लांब दांड्याने लागतो. झुंबरही तसंच. आपला सांगाडा बोर्ड आणि छोटे लाइट पेलायला बनवलेला असतो.

बोर्ड चढवायच्या आधी दोरी ताणून, खालून डोळा लावून सगळे सेक्शन एका पातळीत आहेत का बघा. पंख्याच्या वाऱ्याने, वरच्या मजल्यावरच्या चालण्याने जे हलणार आहे ते आत्ताच हाताने हलवून पाहा.

बोर्ड

दीड फूट का, याचं उत्तर आता मिळतं. सहा फुटी बोर्डात दीड-दीड फुटाचे बरोबर चार भाग बसतात, म्हणून बोर्डाचं टोक आपोआप सेक्शनवर येतं. बोर्डाची लांब बाजू सेक्शनला काटकोनात ठेवायची. पहिल्या रांगेत दोन पूर्ण बोर्ड, सांधा सहा फुटांवर. दुसऱ्या रांगेत एक बोर्ड अर्धा कापायचा: तीन फूट, मध्ये पूर्ण बोर्ड, पुन्हा तीन फूट. सांधे तीन आणि नऊ फुटांवर गेले, दोन्ही सेक्शनवरच, आणि पहिल्या रांगेच्या सांध्यासमोर आले नाहीत. उरलेल्या दोन फुटांच्या पट्ट्यासाठी एक बोर्ड लांबीत उभा चिरायचा आणि कापलेली कड भिंतीकडे ठेवायची. पाच बोर्डात खोली पूर्ण. खोल्या गुण्यात नसतात आणि हातून एखादा मोडतो, म्हणून सहा आणा.

सांधे फिरवणं मी चुकून शिकलो. स्वतःच्या हिमतीवर घेतलेल्या पहिल्या फ्लॅटमध्ये मी सगळी टोकं एका रेषेत आणली, कारण कापाकापी कमी होती. तीन महिन्यांनी हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पट्टीने ओढल्यासारखी चीर गेली. ती जोडणी उघडून पूर्ण पुन्हा केली, स्वतःच्या पैशाने. त्या घरातल्या आजी रोज चहा देत होत्या आणि मला मान वर करवत नव्हती.

बोर्ड कापायची रीत बघायला सोपी आहे. पुढच्या बाजूचा कागद पट्टी लावून कटरने चिरायचा, गुडघा मागे लावून झटका द्यायचा, आतला गाभा सरळ तुटतो, मग मागचा कागद कापायचा. करवत लागत नाही.

स्क्रू २५ मिमीचे, दर २३० मिमीवर, म्हणजे साधारण नऊ इंचांवर. सुरुवात बोर्डाच्या मध्यापासून, मग कडांकडे. कडेपासून एक-दीड सेंटिमीटर आत राहा. आता जवळून बघा: स्क्रू आत जाताना आधी पत्र्यात शिरल्याचा बारीक चिरका आवाज येतो, मग डोकं कागदाला टेकतं, कागद किंचित खाली दबतो आणि चहाच्या बशीसारखा छोटा खळगा होतो. तिथेच थांबायचं. आणखी अर्धा फेरा दिला की कागद फाटतो, डोकं भुशात शिरतं, आणि त्या स्क्रूवर आता काहीच टांगलेलं नाही. बोर्डाची ताकद त्या कागदात आहे. फाटला तर दोन इंच बाजूला नवा स्क्रू मारा. उलट डोकं बाहेर राहिलं तर पत्ती फिरवताना टिकटिक लागतं. मी मुलांना आधी भिंतीला टेकवलेल्या तुकड्यावर शंभर स्क्रू मारायला लावतो. मनगटाला ती जागा कळली की मग वर चढायचं.

पार्टिशन

सीलिंग जमलं की पार्टिशन अवघड नाही. जमिनीवर आणि वर स्लॅबला ५० मिमीचं चॅनल, ओळंब्याने जुळवलेलं. त्यात ४८ मिमीचे उभे स्टड दर दोन फुटांवर, सगळ्यांचं तोंड एकाच बाजूला. दोन्ही बाजूंना बोर्ड, पण एका बाजूचा सांधा दुसऱ्या बाजूच्या सांध्यासमोर नको. बोर्ड जमिनीपासून साधारण सेंटिमीटरभर उचलून लावा, नाहीतर फरशी पुसतानाचं पाणी तो शोषून घेतो. आवाज अडवायचा असेल तर पोकळीत ग्लासवूल, आणि ते हाताळताना हातमोजे, पूर्ण बाह्या. टीव्ही किंवा कपाट कुठे लागणार हे घरमालकाला बोर्ड बंद करायच्या आधी विचारा आणि तिथे आत प्लायवुड टाका.

सांधे भरणं

इथे घाई करणाऱ्याचं काम रंगानंतर उघडं पडतं. सांध्यात भिंतीची पुट्टी किंवा पीओपी भरू नका. ते स्वस्त पडतं आणि चिरतं. जिप्समसाठीचं जॉइंटिंग कंपाउंडच वापरा. बादलीत आधी पाणी, मग पावडर, आणि अर्ध्या तासात संपेल एवढंच कालवा. घट्ट झालेल्यात पुन्हा पाणी घालून चालवलेलं कंपाउंड धरत नाही. बादली प्रत्येक वेळी धुवा. जुना गोळा नव्या मालाला लवकर घट्ट करतो.

टेपरच्या खाचेत कंपाउंड भरायचं, ते ओलं असतानाच त्यावर पेपर टेप ठेवायची आणि पत्तीने मधून दाबत न्यायची. टेपखालचं जादा कंपाउंड दोन्ही कडांनी बाहेर यायला हवं. बुडबुडा राहिला तर बोट फिरवल्यावर पोकळ लागतं. तिथे टेप कापून पुन्हा लावा, वरून लेप देऊन झाकू नका. वाळलं की दुसरा हात आठेक इंच रुंद, तोही वाळला की तिसरा फूटभर. पावसात वाळायला किती वेळ लागेल हे घड्याळ सांगत नाही, हात लावून बघावं लागतं. गार लागलं तर अजून ओलं आहे.

आखूड कडांच्या सांध्याला टेपर नसतो. तिथे कटरने दोन्ही कडा थोड्या तिरक्या छाटून घ्या आणि कंपाउंड दोन्ही बाजूंना जास्त लांब, दीड फुटापर्यंत पसरत न्या, म्हणजे उंचवटा डोळ्याला लागत नाही. स्क्रूचे खळगे दोनदा भरा, एकदा भरलेलं वाळून खाली बसतं. मोठ्या हॉलच्या ड्रॉइंगमध्ये कंट्रोल जॉइंट दाखवलेला असेल तर तो भरून टाकू नका, तो हलण्यासाठीच ठेवलेला असतो.

घासल्यावर, प्रायमरच्या आधी, खोली अंधारी करा आणि बॅटरी सीलिंगला चिकटवून आडवा उजेड मारा. समोरून सपाट दिसणारं सगळं आडव्या उजेडात खरं दिसतं: पत्तीच्या रेघा, टेपची कड, राहिलेला एखादा स्क्रू. प्रत्येक ठिकाणी पेन्सिलने बारीक गोल करा, पुन्हा हात मारा, वाळू द्या. रंगाऱ्याला खोली त्यानंतर द्यायची, आणि देताना पंख्याच्या भोवतीची चौकट, लाइटची भोकं आणि चारही कोपरे त्याच्यासोबत उभं राहून दाखवायचे.